नोकरी गेली, नकार येत आहेत: या काळात मन आणि शरीर कसे सांभाळावे

“डॉक्टर, झोप लागत नाही. अ‍ॅसिडिटी वाढली आहे. जरा बीपीही बघा.” ओपीडीत अशी तक्रार घेऊन चाळिशीतला एखादा माणूस येतो. नाडी, बीपी, पोट तपासून होते, आणि दहाव्या मिनिटाला सोबत आलेली पत्नी हळूच सांगते, “चार महिने झाले, यांची नोकरी गेली आहे.” तो मान खाली घालतो. जणू काही गुन्हाच उघडकीला आला आहे.

बेकारीच्या काळात होणारा त्रास बहुतेक वेळा असाच मागच्या दाराने डॉक्टरांपर्यंत पोहोचतो. डोकेदुखी, छातीत धडधड, पोट बिघडणे, वजन घटणे, चिडचिड. मूळ कारण सांगायला लाज वाटते, आणि “यात डॉक्टर काय करणार, ते काय नोकरी देणार आहेत का?” असेही वाटते. नोकरी आम्ही देऊ शकत नाही, हे खरे. पण नोकरी शोधण्याइतके बळ शरीरात आणि मनात टिकून राहावे, यासाठी बरेच काही करता येते. हा लेख तुमची नोकरी गेली असेल, तुम्ही पहिली नोकरी शोधत असाल, स्पर्धा परीक्षेच्या निकालांनी थकला असाल किंवा तुमच्या घरातले कोणी या अवस्थेत असेल, तर तुमच्यासाठी आहे.

नोकरीबरोबर नेमके काय जाते?

पगार जातो, हे उघड आहे. पण पुरेशी शिल्लक असलेली माणसेही बेकारीत खचतात. असे का होते, याचा एक जुना आणि अजूनही उपयोगी पडणारा अभ्यास आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारियेनथाल नावाचे छोटे गाव होते. तिथली कापड गिरणी १९३०च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथल्या लोकांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९३३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना दिसले ते अपेक्षेच्या उलट होते. हाताशी भरपूर वेळ असूनही लोकांचे वाचन वाढण्याऐवजी घटले. रस्त्यावरून जाताना पुरुष हळू चालू लागले, वाटेत पुन्हा पुन्हा थांबू लागले. दिवसभर काय केले असे विचारले तर त्यांना धड सांगता येईना. बायकांच्या मागे घरकाम होते, त्यामुळे त्यांच्या दिवसाला निदान आकार उरला होता.

याहोदा यांनी पुढे मांडले की नोकरी आपल्याला पगाराखेरीज पाच गोष्टी देते: दिवसाचे वेळापत्रक, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, आपण कशाच्या तरी उपयोगी आहोत ही भावना, समाजात ओळख, आणि रोज काही तरी करत राहण्याची सक्ती. नोकरी गेली की या पाचही गोष्टी एकाच दिवशी जातात.

आपल्याकडे हे समजायला व्हिएन्नापर्यंत जायची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यातले अनेक पुन्हा कधीच गिरणीत परतले नाहीत. गिरणगावात भोंग्यावर घर चालायचे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी यांवर जेवण, झोप, मुलांचा अभ्यास, भजनी मंडळ हे सगळे बेतलेले असायचे. पगार थांबला तसा तो भोंगाही थांबला. आज हिंजवडीतल्या कंपनीतून कमी केलेल्या अभियंत्याचा लॅपटॉप आणि ओळखपत्र परत घेतले जाते, ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप गट एका क्षणात बंद होतो, तेव्हा तेच घडते. फक्त भोंग्याचा आवाज नसतो.

तेव्हा “मला पैशाची एवढी चिंता नाही, तरी असे का होते?” हा प्रश्न पडला असेल, तर तुम्ही कमकुवत आहात असा त्याचा अर्थ काढू नका. ओळख, वेळ आणि माणसे एकदम गेल्यावर मन हलतेच.

शरीरावर होणारे परिणाम

सततच्या काळजीत शरीर अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके जास्त सोडत राहते. थोडा वेळ ती उपयोगी असतात. पण आठवडेच्या आठवडे तसेच चालले की झोप उथळ होते, पहाटे तीन-चारला जाग येते, पित्त वाढते, मान आणि खांदे आखडतात, लैंगिक इच्छा कमी होते. काही स्त्रियांची पाळी अनियमित होते. ज्यांना आधीच मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे त्यांची साखर आणि बीपी या काळात हाताबाहेर जाताना आम्ही नेहमी पाहतो. त्यात खर्च वाचवायचा म्हणून गोळ्या एक दिवसाआड घेणे किंवा परस्पर बंद करणे सुरू झालेले असते. हे अजिबात करू नका. औषध परवडत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. त्याच औषधाचा स्वस्त पर्याय लिहून देता येतो. जन औषधी केंद्रांत मधुमेह, बीपी आणि नैराश्यावरचीही कित्येक औषधे ब्रँडच्या तुलनेत बरीच स्वस्त मिळतात.

आणखी एक गोष्ट. थकवा, उत्साह नसणे, विसरभोळेपणा हे सगळे “टेन्शनमुळे” आहे, असे धरून चालू नका. थायरॉइडचे काम मंदावणे, रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे, शाकाहारी लोकांत नेहमी आढळणारी बी-१२ची कमतरता यांतही हीच लक्षणे दिसतात. म्हणून तक्रारी महिनाभर टिकल्या तर एकदा साध्या रक्ततपासण्या कराव्यात.

हे दुःख आहे, की नैराश्याचा आजार?

नकाराचा मेल आल्यावर दोन दिवस जेवण न जाणे, रडू येणे, कोणाशी बोलावेसे न वाटणे हे स्वाभाविक आहे. याला औषध लागत नाही. अशा दुःखात लाटा येतात आणि जातात. मधेच मित्र आला तर हसू येते, मॅच लागली तर मन रमते, पुढच्या इंटरव्ह्यूचा फोन आला की उभारी वाटते.

यापुढची पायरी म्हणजे समायोजनाचा विकार. एखाद्या धक्क्यानंतर साधारण तीन महिन्यांच्या आत चिंता आणि उदासी इतकी वाढते की रोजची कामे अडतात. परिस्थिती बदलली किंवा तिच्याशी जुळवून घेता आले की हा विकार बहुधा सहा महिन्यांत ओसरतो. समुपदेशनाचा यात चांगला उपयोग होतो.

नैराश्य याहून वेगळे असते. स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, हताश वाटले का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नाही असे झाले का? यांपैकी एकाचे उत्तर जरी “हो” असेल आणि जोडीला झोप किंवा भूक बिघडणे, सतत थकवा, एकाग्रता न होणे, हालचाली मंदावणे, स्वतःला नालायक समजणे किंवा मरणाचे विचार येणे यांतले बरेच काही असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवे. “परिस्थितीच अशी आहे, मग उदास वाटणारच” हे वाक्य आम्ही फार ऐकतो. कारण समजले म्हणजे आजार नाही, असे होत नाही. पाय खड्ड्यात पडून मोडला, हे माहीत असले तरी प्लास्टर घालावेच लागते.

नैराश्यात एक दुष्टचक्र असते, ते ओळखून ठेवा. आजारामुळे अर्ज करायची ताकद राहत नाही, इंटरव्ह्यूमध्ये आवाज पडतो, उत्तरे आठवत नाहीत. मग नकार येतो, आणि तो नकार आजाराला खतपाणी घालतो. म्हणून “आधी नोकरी मिळू दे, मग आपोआप बरे वाटेल” असे म्हणत उपचार पुढे ढकलू नयेत.

नकार पचवताना

नकार हाताळण्यापेक्षा मौन हाताळणे अवघड असते. इंटरव्ह्यू चांगला झालेला असतो, “कळवतो” म्हणून सांगितलेले असते, आणि मग काहीच येत नाही. ही रिकामी जागा मन स्वतःबद्दलच्या वाईटात वाईट गोष्टींनी भरून काढते. “माझे इंग्रजी कच्चे आहे म्हणून”, “वय झाले म्हणून”, “माझ्यात काही नाहीच म्हणून”. यांतले काही खरे असू शकते. पण जागा आतल्याच माणसाला देणे, बजेट रद्द होणे, भरतीच थांबवणे अशी कारणेही तितकीच सामान्य असतात, आणि ती तुम्हाला कोणी सांगत नाही. म्हणून कारण कळलेले नसताना स्वतःच निकालपत्र लिहू नका. दोन आठवडे थांबून एक साधा मेल पाठवा: निवड झाली का, आणि नसेल तर कोणती गोष्ट सुधारावी. दहापैकी आठ जण उत्तर देणार नाहीत असे धरून चाला. जे देतील त्यांचे ऐका.

काही व्यावहारिक सवयी उपयोगी पडतात. नोकरीचे मेल रात्री नऊनंतर उघडू नका. त्या वेळी आलेल्या नकारावर करण्यासारखे काहीच नसते, फक्त झोप जाते. एका वेळी एकाच इंटरव्ह्यूवर सगळी आशा लावू नका. त्याचा निकाल यायच्या आत पुढचे दोन अर्ज गेलेले असू द्या. आणि यश मोजताना जे तुमच्या हातात आहे तेच मोजा. “या आठवड्यात नोकरी मिळवणे” हे तुमच्या हातात नाही. “या आठवड्यात पाच नीट वाचून केलेले अर्ज, दोन जुन्या सहकाऱ्यांना फोन” हे आहे. रोज पन्नास ठिकाणी एकच बायोडेटा पाठवणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. तसे केल्याने काम केल्यासारखे वाटते, पण दुसरीकडे नकारांची रासही पन्नासपट वाढते.

लिहिणे हा एक स्वस्त आणि दुर्लक्षित उपाय आहे. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, कमी केलेल्या अनुभवी कर्मचाऱ्यांपैकी काहींना नोकरी जाण्याबद्दलचे खोल विचार आणि भावना काही दिवस रोज थोडा वेळ लिहायला सांगितले होते. इतरांनी साध्या विषयांवर लिहिले किंवा काहीच लिहिले नाही. पुढच्या महिन्यांत भावना लिहिणाऱ्यांना नवी नोकरी जास्त प्रमाणात मिळाली. गंमत म्हणजे त्यांनी अर्ज किंवा फोन काही जास्त केले नव्हते. जुन्या कंपनीवरचा राग कागदावर उतरल्यामुळे तो इंटरव्ह्यूत बाहेर पडला नसावा, असा अंदाज करता येतो. अभ्यास लहान होता, त्याला मंत्र समजू नका. पण वीस मिनिटे, एक वही, चार-पाच दिवस. कोणाला दाखवायचे नाही, शुद्धलेखन बघायचे नाही. लिहून जास्तच अस्वस्थ वाटू लागले तर थांबा.

“मधली दोन वर्षे काय केले?” या प्रश्नाची भीती जवळजवळ सगळ्यांना असते. उत्तर दोन वाक्यांत तयार ठेवा, खरे ठेवा, आणि आरशासमोर किंवा मित्रासमोर मोठ्याने म्हणून बघा. “कंपनीने विभाग बंद केला. त्यानंतर वडिलांच्या आजारपणात काही महिने गेले, सोबत हा कोर्स केला.” एवढे पुरते. लांबण लावली की ते स्पष्टीकरण न राहता कैफियत होते.

दिवसाला आकार द्या

उठायची वेळ पक्की करा. झोपायची वेळ थोडी मागेपुढे झाली तरी चालेल, पण उठणे रोज एकाच वेळी, रविवारीसुद्धा. रात्री झोप आली नाही म्हणून सकाळी दहापर्यंत लोळत राहिले की दुसऱ्या रात्रीची झोपही जाते. उठल्यावर आंघोळ करून बाहेर जायचे कपडे घाला. हे बारीक वाटेल, पण दुपारी दोनपर्यंत बर्म्युडात बसलेल्या माणसाने फोन उचलला तर ते आवाजात कळते.

सकाळचे दोन-तीन तास अर्ज, फोन, तयारी यांना द्या. त्याहून जास्त नको. दिवसभर स्क्रीनसमोर बसून पोर्टल ताजे करत राहणे म्हणजे नोकरी शोधणे नव्हे, ती चिंता आहे. शक्य असेल तर हे काम घराबाहेर करा. गावातले सार्वजनिक वाचनालय, अभ्यासिका, मित्राचे दुकान, काहीही चालेल. रोज अर्धा तास झपाझप चाला. आठवड्याला दीडशे मिनिटांचा मध्यम व्यायाम हे जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेले किमान प्रमाण आहे, आणि सौम्य नैराश्यात व्यायामाचा फायदा होतो. चालायला सकाळी उन्हात गेलात तर झोपेलाही मदत होते.

दिवसात एक काम असे ठेवा ज्याचा शेवट डोळ्यांना दिसतो. सायकलची चेन साफ करणे, भाजी निवडणे, मुलाला गणित शिकवणे, सोसायटीच्या टाकीचा प्रश्न मार्गी लावणे. नोकरीच्या शोधात महिनोन् महिने काहीच “पूर्ण” होत नाही. मनाला ते हवे असते. नैराश्याच्या उपचारात आम्ही हेच तंत्र वापरतो: उत्साह येण्याची वाट न बघता आधी कृती करायची, उत्साह मागाहून येतो. आणि आठवड्यातून एक दिवस नोकरीचा विषय पूर्ण बंद. बेकार माणसालाही सुट्टी लागते.

ओळखीच्या लोकांच्या बढतीच्या पोस्ट दिवसातून दहा वेळा बघत असाल तर ते अ‍ॅप सकाळच्या कामाच्या वेळेपुरतेच उघडा.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी

पुण्यात सदाशिव पेठेतल्या किंवा तालुक्याच्या अभ्यासिकेत तीन-चार वर्षे काढलेल्या मुलामुलींची अवस्था थोडी वेगळी असते. त्यांना कोणी थेट “नाही” म्हणत नाही. पूर्व परीक्षा निघते, मुख्य परीक्षा जाते, एखाद-दोन गुणांनी यादी हुकते, मग जाहिरात लांबते. दर वेळी “थोडक्यात राहिले” ही आशा पुन्हा वर्षभर अडकवून ठेवते. घरून महिन्याला पैसे येत असतात, त्याचे ओझे वेगळेच. गावी सणाला जाणे टाळले जाते, कारण पारावर कोणी तरी विचारणारच, “मग, कधी होतोय साहेब?”

माझे मत स्पष्ट आहे. अजून किती प्रयत्न करायचे, याची तारीख शांत डोक्याने, निकालाच्या दिवशी नव्हे तर आधीच ठरवा आणि ती घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. सोबतीला अर्धवेळ काम किंवा एखादे कौशल्य चालू ठेवा. दुसरी वाट तयार असली की अभ्यास ढिला पडतो अशी भीती असते. मला तर असे दिसते की दुसरी वाट असलेली मुले परीक्षागृहात कमी घाबरतात. सलग बारा-चौदा तास बसणे, रात्री जागून चहा-सिगरेटवर काढणे याने स्मरणशक्ती घटते. झोपेतच मेंदू वाचलेले पक्के करतो.

घरच्यांसाठी

संध्याकाळी दारातच “काही झालं का?” असे विचारू नका. काही झाले असते तर त्याने किंवा तिने स्वतःहून सांगितले असते. त्याऐवजी आठवड्यातला एक वेळ ठरवा, समजा शनिवारी जेवणानंतर, त्या वेळी पैसे आणि नोकरी यांवर मोकळेपणाने बोला. बाकीचे दिवस हा विषय जेवणाच्या ताटावर नको. “तुझ्या वयात मी…”, “अमक्याच्या मुलाला बघ”, “घरी बसून आयते खातोस” ही वाक्ये कितीही रागात आली तरी गिळा. ती वर्षानुवर्षे लक्षात राहतात. “आज तुझ्यासोबत येऊ का बँकेत?”, “चल, चक्कर मारून येऊ” यांचा उपयोग सल्ल्यापेक्षा जास्त होतो.

काही माणसे नोकरी गेल्याचे घरात सांगतच नाहीत. रोज सकाळी डबा घेऊन निघतात, बागेत किंवा स्टेशनवर दिवस काढतात, संध्याकाळी नेहमीच्या वेळी परततात. असे तुमच्या घरात उघडकीला आले, तर “खोटे का बोललास?” हा प्रश्न आधी विचारू नका. एवढे दिवस एकट्याने हे ओझे वाहताना त्याच्या मनात काय काय येऊन गेले असेल, ते आधी विचारा. आणि तुम्ही स्वतः असे करत असाल, तर घरातले एकच माणूस निवडा. बायको, आई, मोठी बहीण, कोणीही. सांगायला सोपे जावे म्हणून वाक्य असे ठेवा: “मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. आधी फक्त ऐक.”

स्त्रियांची नोकरी गेली तर घरातून अनेकदा उलटा प्रतिसाद येतो. “बरे झाले, आता मुलांकडे लक्ष दे.” तिचे दुःख मोजलेच जात नाही, आणि तिने नोकरी शोधायला दिलेले तास स्वयंपाक, शाळा, सासूबाईंची औषधे यांत विरघळून जातात. तिच्या शोधाला घरात ठरावीक दोन-तीन तास, दार बंद करून, मिळाले पाहिजेत.

मुलांपासून लपवू नका. लहान मुलांना घरातला ताण कळतो, कारण कळत नाही, आणि ती स्वतःला दोष देतात. “बाबांची जुनी नोकरी संपली, ते नवी शोधत आहेत. काही महिने आपण खर्च जपून करू. यात तुझी काही चूक नाही.” एवढे बास.

लग्नकार्यात नातेवाईक विचारणारच. “शोधतोय काका. तुमच्या माहितीत काही असेल तर नक्की सांगा.” या उत्तराने प्रश्न तिथेच थांबतो, आणि क्वचित खरेच काही तरी कळते. ओळखीतून कळलेल्या जागा कमी लेखू नका.

पैसे आणि फसवणूक

डॉक्टरच्या लेखात पैशाचे काय काम, असे वाटेल. पण ओपीडीत येणाऱ्या सर्वांत गंभीर अवस्थेतल्या रुग्णांपैकी कित्येक जण बेकारीपेक्षा कर्जाने घेरलेले असतात. मोबाइलवर मिनिटात कर्ज देणाऱ्या अनोळखी अ‍ॅपपासून दूर राहा. वसुलीसाठी फोनमधल्या संपर्कांना संदेश पाठवून बदनामी करण्याचे प्रकार त्यांत झाले आहेत. हप्ता थकण्याआधी बँकेत जाऊन बोला. थकल्यावर बोलण्यापेक्षा तेव्हा पर्याय जास्त असतात.

“नोकरी पक्की, फक्त प्रशिक्षणाचे किंवा लॅपटॉपचे डिपॉझिट भरा” असे कोणी म्हणाले तर पैसे देऊ नका. थकलेले मन अशा ठिकाणी लवकर विश्वास ठेवते. फसलात तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. शेवटच्या दिवसाआधीच विमा कंपनीला विचारा की त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. तुमचा ईएसआय कापला जात असेल तर नोकरी सुटली त्याच दिवशी वैद्यकीय लाभ बंद होतोच असे नाही. भरलेल्या वर्गणीनुसार तो काही काळ चालू राहू शकतो. ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनाही आहे. तिच्यात ठरावीक अटींवर बेकारीच्या काळात सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मिळते. तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, तेव्हा सध्याची स्थिती ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारा.

दारू, तंबाखू आणि झोपेच्या गोळ्या

दारूने झोप लागते, पण ती मोडकी असते. पहाटे जाग येते आणि दुसऱ्या दिवशी उदासी वाढते. रोज लागायला लागली, किंवा न घेतल्यास हात थरथरू लागले, तर एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. जास्त पिणाऱ्यांनी अचानक दारू थांबवली तर फिट येऊ शकते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची सवय काही आठवड्यांत लागते, आणि दारूबरोबर त्या घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

हे दिसले तर वाट पाहू नका

“माझे ओझे उतरले की सगळे सुटतील” अशी भाषा, आवरासावर करून वस्तू वाटणे, विम्याची कागदपत्रे अचानक समजावून सांगणे, निरोप घेतल्यासारखे फोन, फार दिवसांच्या अस्वस्थतेनंतर एकाएकी आलेली शांतता ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी थेट विचारा: “जीव देण्याचे विचार मनात येतात का?” विचारल्याने असा विचार डोक्यात घातला जात नाही. बहुतेकांना कोणी तरी विचारले म्हणून सुटल्यासारखे वाटते. उत्तर “हो” आले तर वाद घालू नका, शपथा घालू नका. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. घरातली कीटकनाशके, साठवलेल्या गोळ्या आणि इजा होऊ शकेल अशा वस्तू दूर हलवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. तिथे मराठीत बोलता येते. जीव तातडीने धोक्यात असेल तर ११२ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. हे विचार तुम्हाला स्वतःला येत असतील, तर वरचा क्रमांक आत्ताच फोनमध्ये साठवा आणि शेजारच्या खोलीत जे कोणी असेल त्याला सांगा. कोणत्या शब्दांत, याचा विचार करू नका. “मला बरे वाटत नाही, माझ्याजवळ बस” एवढे बोलले तरी पुरते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे धरले जाते. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नका.

उपचार कोठे, कसे

सुरुवात तुमच्या फॅमिली डॉक्टरांपासून झाली तरी चालते. जिल्हा रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञांची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात सौम्य त्रासाचेही रुग्ण तपासले जातात, नुसत्या नावाने दचकू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही मनोविकार विभाग असतो.

सौम्य त्रासात समुपदेशन आणि दिनक्रमातले बदल पुरतात. मध्यम किंवा तीव्र नैराश्यात औषधे लागतात. आज वापरल्या जाणाऱ्या नैराश्यविरोधी गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी अस्वस्थता वाटू शकते, बहुधा ती निघून जाते. अस्वस्थता फारच वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. या गोळ्यांचे झोपेच्या गोळ्यांसारखे व्यसन लागत नाही, पण मनाने एकदम बंदही करायच्या नसतात. नोकरी मिळाली त्या आनंदात गोळ्या थांबवणारे बरेच असतात. बरे वाटू लागल्यावरही त्या साधारण सहा महिने चालू ठेवाव्या लागतात, नाही तर त्रास उलटू शकतो.

“मनोविकारतज्ज्ञाकडे गेलो हे कंपनीला कळेल का?” ही शंका नेहमी येते. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या परवानगीशिवाय ती नोकरी देणाऱ्याला दिली जात नाही. नोकरीच्या वैद्यकीय अर्जात एखादा आजार थेट विचारला असेल तर काय लिहावे, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

पहिल्या भेटीला जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या, असतील तर रक्ताचे जुने अहवाल आणि एका कागदावर गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, दारू-तंबाखूचे प्रमाण लिहून न्या. शक्य असेल तर घरचे एक माणूस सोबत असावे. आणि खोलीत बसल्यावर पहिले वाक्य अ‍ॅसिडिटीचे नको. “माझी नोकरी गेली आहे, तेव्हापासून हे सुरू झाले” असे सांगा. पुढचे प्रश्न विचारणे आमचे काम.